इरिडियमचं तेरावं

केरबा डोईफोडेनं शिशाच्या डब्यावर पहिला लाडू ठेवला, दोन पावलं मागं सरकून हात जोडले आणि म्हणाला, "म्हातारबा, काय कमीजास्ती झालं आसंल तर पोटात घाला. सुखानं जावा."

"पण गेलाय हे नक्की ना?" वजनं ओढायचं विंच-यंत्र चालवणाऱ्या जब्बारनं विचारलं. "दहाव्याला कावळा शिवला होता का?"

"शिवला की. क्यान्टीनचा कावळा त्यो. त्याला काय, खुर्ची ठेवली तरी शिवंल."

जब्बारला हसता हसता ठसका लागला. आम्ही सातजण होतो. सह्याद्रीच्या एका घाटाखाली वीजघराचं बांधकाम चाललं होतं, साल एकाहत्तर-बहात्तर असेल. डब्याभोवती आम्ही पोती टाकून बसलो होतो आणि कॅन्टीनमधून बुंदीचे लाडू आणि भजी आणवली होती.

डब्यात म्हातारा होता. म्हातारा म्हणजे इरिडियम नावाच्या धातूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, स्टीलच्या टोपणात बंद केलेला, मागं बोटभर तारेची शेपटी. त्याच्या न दिसणाऱ्या उजेडात मी लोखंडाचे फोटो काढायचो. डोंगरावरचं पाणी खाली वीजघरात आणणारे आमचे पाइप एवढे मोठे, की आत म्हैस उभी राहावी. त्यांच्या वेल्डिंगमध्ये पोकळी राहिली, चीर राहिली, तर वरून कळत नाही. म्हणून पत्र्याच्या एका अंगाला म्हातारा ठेवायचा, दुसऱ्या अंगाला फिल्म. दवाखान्यात हाडांचा काढतात तसाच फोटो. साइटवर सगळे मला फोटोमास्तर म्हणत. माझं खरं नाव तारळेकर, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवे.

केरबा माझा मदतनीस, वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याचं मूळ काम जड वजनं तारदोरांनी बांधून वर चढवायचं. दोन तारदोरांची टोकं उसवून, पीळ एकमेकांत विणून सांधायचे असतील तर त्या साइटवर दुसरा हात नव्हता. मुंबईहून आलेला क्रेनवाला एकदा त्याचा सांधा शोधत बसला आणि शेवटी त्यालाच विचारता झाला, कुठं जोडलंयस म्हणून.

त्या दुपारी लाडू त्यानंच वाढले. उजव्या हातानं वाढले. पुढच्या महिनाभरात त्या हातावर काय आलं, तेच मला सांगायचं आहे.

तेराव्याची तयारी केरबाची. पण मेल्याची बातमी माझी.

साइटवर दिवेलागणीला करमणूक दोनच, रेडिओ आणि मी. रेडिओला सेल लागत, मला चहा. नदीतल्या मगरीनं माझी फिल्म गिळली आणि धुतल्यावर तिच्या बत्तीस दातांचा फोटो निघाला, ही माझी गोष्ट तीनदा सांगून झाली होती. चौथ्यांदा सांगायला घेतली तेव्हा केरबा म्हणाला, "मगर ऱ्हाऊ द्या मास्तर. त्या दाण्यात हाय तरी काय, ते सांगा."

मी मुंबईला आठ आठवड्यांचा कोर्स करून, परीक्षा पास होऊन आलेला माणूस. मला ते ठाऊक होतं. पण सरळ सांगणं माझ्या जिवावर यायचं.

"गावं आहेत," मी म्हणालो. "त्या दाण्यात अब्जावधी गावं. एकेक अणू म्हणजे एक गाव. आणि गाव कसं, तर आपली ही खिंड धर. ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सगळी मोकळी, आणि मधोमध एक हरभरा. सगळी वस्ती त्या हरभऱ्यात."

"आन बाकीच्या जाग्यात?"

"सत्त्याहत्तर चिलटं घोंगावतात. बस्स. बाकी काही नाही."

"म्हंजी पोकळ."

"पोकळ. हा डबा पोकळ, तो डोंगर पोकळ, इनामदारसाहेब पोकळ."

साइटच्या साहेबाचं नाव आल्यावर सगळे खूष झाले. मग मी हरभऱ्यात शिरलो. आत सत्त्याहत्तर भाऊ राहतात, सांगितलं, एकाचं एकाशी पटत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याला ढकलतोय. त्यांनी घर मोडू नये म्हणून मध्ये एकशे पंधरा मध्यस्थ बसवलेत. ते कुणाच्या बाजूचे नाहीत, नुसते धरून ठेवतात. पण इरिडियमच्या गावात मध्यस्थ जरा जास्तच झालेत. दाटी झाली. मग एक दिवस एक मध्यस्थ उठतो, टोपी फिरवतो आणि भावांना सामील होतो. जाताना एक चिलट बाहेर भिरकावतो. सगळं घर हादरतं आणि राग बाहेर पडतो. तो राग म्हणजे आपला उजेड. पत्र्यातून आरपार जातो तो.

"आन गावाचं काय हुतं?"

"भाऊ अठ्ठ्याहत्तर झाले. आता ते इरिडियम राहिलं नाही, प्लॅटिनम झालं. त्याचं भांडण मिटलं. आपल्या दृष्टीनं मेलं."

केरबा विडी विझवून पुढं सरकला. "कुठलं गाव कवा मरनार, कसं कळायचं?"

"ते कुणालाच कळत नाही. एखादं आत्ता जाईल, एखादं वर्षभर बसेल. म्हातारं झालं म्हणून जात नाही, आजारी पडलं म्हणून जात नाही. फक्त एवढं नक्की, की चौऱ्याहत्तर दिवसांत अर्धी जातात."

"अर्धी."

"बरोब्बर अर्धी."

"आन ऱ्हायलेली अर्धी?"

ह्याचं उत्तर मला परीक्षेत आलं होतं. राहिलेल्यांतली अर्धी पुढच्या चौऱ्याहत्तरात, मग त्यांतली अर्धी त्याच्या पुढच्या. पण तेवढ्यात कॅन्टीनवाला किटली घेऊन आला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. गोष्ट अर्ध्यावर सोडून माणसं चहाला उठली, तर सांगणाऱ्याची काय शोभा राहते.

"राहिलेली पुढच्या चौऱ्याहत्तर दिवसांत," मी म्हणालो. "मग म्हाताऱ्याचं तेरावं घाला आणि गोड जेवा."

सगळे हसले आणि चहाला उठले.

केरबानं डब्यावरच्या चिठ्ठीवरची, म्हातारा नवा असतानाची तारीख मला विचारून घेतली, झालेल्या दिवसांच्या गाठी सुतळीला मारल्या आणि पुढं रोज एक गाठ मारायला लागला. एकशे अठ्ठेचाळीसावी गाठ मारून माझ्याकडं आला. "मास्तर, म्हातारा गेला आज." त्याच आठवड्यात मी साहेबांना सांगितलं होतं, की जाड पत्र्याला आता हा सोर्स, म्हणजे म्हातारा, पुरत नाही, फोटोला चौपट वेळ लागतो, नवा मागवा. काम थांबलं. डबा तो ठेवायच्या खड्ड्यात पडून राहिला. केरबाला ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा होता.

आणि तेराव्याला मी दोन लाडू खाल्ले.

तेराव्यानंतर सहाव्या दिवशी, शनिवारी, इनामदारसाहेब माझ्या फिल्म धुवायच्या तंबूपाशी आले. "तारळेकर, वीजघरामागच्या निचऱ्याच्या पाइपाचे दोन सांधे राहिलेत. सोमवारी पाणी सोडून बघायचंय. नवा सोर्स कधी?"

"बुधवारी, साहेब."

"जुना नाही चालणार?"

"पत्रा पातळ आहे. चालेल. वेळ लागेल."

"लागू दे. उद्या बाजाराचा रविवार आहे, तळावर कुणी नसेल. दुपारी उरकून घ्या."

साहेब गेल्यावर केरबा जवळ आला. "मेलेला फोटू कसा काढंल वो?"

"भूत काढेल."

केरबानं मला डोळा मारला. त्याला वाटलं, मी साहेबाला गुंडाळतोय, कोरी फिल्म दाखवून मोकळा होणार. त्याला तसं वाटलं हे मला दिसलं. मीही उलट डोळा मारला.

रविवारी दुपारी तळावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही डबा पाइपाशी नेला. काम असं असतं. डब्याला पुढून एक रबरी नळी लावायची, तिचं टोक सांध्यावर बांधायचं. मागून लांब केबल, तिला हँडल. तीस पावलांवर उभं राहून हँडल फिरवलं की म्हातारा डब्यातून निघून नळीच्या टोकाशी जातो. उलट फिरवलं की परत डब्यात. परत आल्यावर आधी तो उजेड मोजायचा मीटर घेऊन जवळ जायचं, काटा खाली पडलाय हे बघायचं, मगच नळीला हात लावायचा. हे मी केरबाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि तो ते कधी विसरला नव्हता.

"मास्तर, मीटर?" त्यानं विचारलं.

मीटरचे सेल मी आदल्या दिवशी माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले होते. क्रिकेटची कॉमेंट्री होती.

"भुताला कसला मीटर," मी म्हणालो.

दोन्ही सांधे झाले. शेवटी मी हँडल उलट फिरवलं, केबल परत आली. नेहमीपेक्षा हलकी आली की काय, असं क्षणभर वाटलं. पण ऊन फार होतं. "नळी गुंडाळ, डबा खड्ड्यात ठेव," असं केरबाला सांगून मी फिल्म धुवायला तंबूत गेलो. केबलचा आकडा म्हाताऱ्याच्या शेपटीतून निसटला होता आणि म्हातारा नळीतच राहिला होता.

तंबूत काळा पडदा लावून मी फिल्म धुतल्या. छान आल्या होत्या, एक पोकळी अगदी स्वच्छ दिसत होती. ओली फिल्म हातात धरून बाहेर आलो तर केरबा पायवाटेनं चढून येत होता. उजवी मूठ मिटलेली, तोंडावर हसू.

"तुमचा म्हातारा पळून गेला व्हता, मास्तर."

त्यानं मूठ उघडली. तळहातावर तारेची शेपटी आणि तिच्या टोकाला ते टोपण, उन्हात चकाकत होतं.

"टाक," मी म्हणालो.

"आवो, नळी झटकली तर खाली पडला. साहेबाच्या नजरंला पडला आसता तर तुमचीच—"

"टाक, केरबा."

"मेलेल्याला टाकू नये," तो म्हणाला आणि वाकून, सावकाश, त्यानं तो एका दगडावर ठेवला. मग सरळ होऊन माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याचं हसू गेलं.

मी त्याला दंडाला धरून ओढत लांब नेलं, पार कॅन्टीनच्या भिंतीआड. विचारलं, किती वेळ हातात होता.

"डब्यात घालून बघितला, बसंना. मग वाईच बसलो, एक विडी वडली. मग आलो." त्यानं हिशेब केला. "पंधरा-वीस मिनटं. का वं?"

"मुठीतच?"

"मग काय डोक्यावर घिऊ?"

मी लांब बांबूला पक्कड बांधली, तिनं म्हातारा उचलला, डब्यात लोटला, झाकण लावलं. तोवर केरबा ओढ्यावर हात धुवून आला होता. धुऊन काही उपयोग नव्हता. हाताला काही लागलेलंच नव्हतं. जे गेलं ते मांसातून, हाडातून आरपार गेलं होतं.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो. "साहेबांना सांगू नकोस."

त्या दिवशी दिवेलागणीला तो म्हणाला, तळहात ऊन लागल्यासारखा झालाय. मंगळवारी तळहात आणि चार बोटं लालभडक झाली. बुधवारी नवा सोर्स आला, कामं सुरू झाली, आणि केरबा डाव्या हातानं दोर ओढू लागला. शुक्रवारी फोड आले. मोठे, पिवळे, बोटांच्या पेरांवर लागून लागून. जब्बारनं बघितलं आणि विचारलं, कशात हात घातलास. केरबानं माझ्याकडं बघितलं.

मी त्याला साइटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शेजवलकर नवीन होते, नुकतेच पास झालेले. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला. "भाजलंय. कशानं?"

आयुष्यात सर्वांत चांगली जमलेली थाप मी तिथं मारली. वेल्डरनं सांधा नुकताच मारून ठेवला होता, पाइप वरून काळा दिसत होता, केरबाचा तोल गेला आणि त्यानं सगळा पंजा टेकला. कातडी चर्रकन वाजली, मी मागून ओढलं नसतं तर चिकटलाच असता. वेल्डरचं नाव सांगितलं, सांध्याचा नंबर सांगितला. डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून घेतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. कागद केरबाच्या खिशात घातला.

बाहेर आल्यावर केरबा म्हणाला, "काय सांगितलंसा वो. मलाबी वाटाय लागलं, पाइपच तापला व्हता."

"साहेबांना कळलं तर माझा परवाना जाईल, केरबा."

"मग बराबर केलंसा," तो म्हणाला.

त्यानंतर सहा दिवस तो कामावर आला. बसून राहायचा, हात खांद्याच्या वर धरून. खाली केला की ठणकायचा. जेवण सुटलं. पट्टीला वास येऊ लागला. मी रोज चांगलं मलम आणतो म्हणायचो आणि नवीन सोर्सचे फोटो काढायचो. बाराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो तंबूत आला, माझ्यासमोर खोक्यावर बसला आणि डाव्या हातानं पट्टी सोडली. पहिली दोन बोटं टोकापासून काळी पडली होती. जळालेल्या लाकडासारखी काळी नव्हे, ओल धरलेल्या भिंतीसारखी.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हातारा मेला व्हता न्हवं?"

बाहेर कॅन्टीनमध्ये कुणीतरी भांडी आपटत होतं.

"नव्हता," मी म्हणालो.

केरबानं सोडलेली पट्टी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "किती उरला व्हता?"

"चतकोर."

"चतकोर. आन पुढल्या चौऱ्याहत्तर दिसांत?"

"चतकोराचा अर्धा."

"आन मग?"

"त्याचा अर्धा."

"मग संपतो कवा?"

"संपत नाही असं कधी. कमी होत जातो. एवढा कमी, की काही करत नाही. त्याला दोन-अडीच वर्षं जातात."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. तारदोराचा सांधा तपासताना बघायचा तसं तो माझ्याकडं बघत होता.

"हे तुमास्नी तवा ठावं व्हतं?"

"हो."

"मग तवा का न्हाई सांगितलंसा?"

मी खूप शोधलं. दुसरं काही सापडलं नाही.

"चहा आला होता," मी म्हणालो.

केरबानं मान हलवली. पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली, डाव्या हातानं ती नीट येईना. मी पुढं झालो तर त्यानं हात बाजूला घेतला.

"तेराव्याला दोन लाडू खाल्लंसा तुमी," तो म्हणाला. "मी मोजलं न्हवतं. ध्यानात ऱ्हायलं."

मी उठलो आणि इनामदारसाहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं, सेलांसकट. साहेबांनी मला शिवी दिली नाही. जीप काढायला सांगितली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एका वयस्क डॉक्टरांनी पट्टी काढली आणि लगेच परत ठेवली. मला बाहेर घेऊन विचारलं, किती ताकदीचा, किती वेळ, मुठीत की बोटांत. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मी विचारलं, पहिल्याच दिवशी आणला असता तर.

"हात नसता वाचला," ते म्हणाले. "पहिल्या पाच मिनिटांतच गेला होता तो. पण हे बारा दिवस जे दुखलं, ते एवढं दुखायची गरज नव्हती."

आधी दोन बोटं काढली. आठवड्यानं पंजा. काळं वर सरकतच होतं, म्हणून मग कोपराच्या खाली चार बोटं अंतरावर कापला. दरम्यान परवाने देणाऱ्या कचेरीतून एक अधिकारी आला, त्यानं माझा जबाब घेतला, केरबाचा घेतला आणि माझा परवाना काढून घेतला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी हॉस्पिटलाजवळच एका ओळखीच्याकडं राहिलो होतो आणि रोज दुपारी वॉर्डात जाऊन बसायचो. केरबा बोलला तर बोलायचा. बहुतेक वेळा खिडकीकडं तोंड करून पडायचा.

हात कापल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. हौसाबाई. कागलजवळच्या खेड्यातून एस.टी.नं एकटी, विचारत विचारत आली होती. कडेला बोचकं, पाय धुळीनं भरलेले. नर्सनं मलमपट्टी चाललीय म्हणून तिला दाराबाहेर थांबवलं होतं. मी बाकावरून उठलो.

"तुमी फोटूमास्तर न्हवं?" ती म्हणाली. "ह्यांनी वळखीचं करून ठेवलंय तुमास्नी. सुट्टीला आलं की तुमच्याच गोष्टी. मगरीचं ऐकून सासूबाई हसून हसून आडव्या झाल्या व्हत्या."

"बसा," मी म्हणालो.

ती बसली नाही. "काय झालं वो हाताला? निस्ता निरोप आला, हात काढला म्हनून. कुनी धड सांगंना."

मी सांगितलं. गावं नाहीत, भाऊ नाहीत, मध्यस्थ नाहीत. तांदळाएवढा धातूचा तुकडा होता, त्यातून दिसत नाही असं काहीतरी सारखं बाहेर पडतं, ते अंगातून गेलं की मांस आतून मरतं, तो संपलाय असं मी तुमच्या नवऱ्याला सांगितलं, तो संपला नव्हता, त्यांनी तो मुठीत धरला. एवढंच. सांगताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

तिनं सगळं ऐकलं. मग सावकाश विचारलं, "तांदळाएवढा?"

"हो."

"तापला व्हता?"

"नाही. गार होता."

"जाळ, धूर, कायबी न्हाई?"

"नाही."

"हातात धरल्यावर चटका बसला आसंल."

"तेव्हा काहीच होत नाही. दोन दिवसांनी कळतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. नातेवाइकांनी मयताच्या घरी येऊन काहीतरी विचित्र बोलावं आणि आपण ते मनावर न घेता सोडून द्यावं, तसं ती बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "आज नको. पुन्यांदा कवातरी सांगा गोष्ट. आज खरं सांगा."

"हेच खरं आहे, वहिनी."

तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. शेजवलकरांचा. केरबानं पहिल्या पट्टीनंतर तो पत्रात घालून घरी धाडला होता, काळजी करू नका म्हणून. "ह्यात लिवलंय, पाइप तापला व्हता. सरपंचाच्या लेकीनं दोनदा वाचून दावलं."

"ते मीच लिहून घेतलं डॉक्टरांकडून. ते खोटं आहे."

"मग आता खरं बोलताय कशावरनं?"

नर्सनं दार उघडलं. हौसाबाई माझ्या बाजूनं आत गेली. केरबा उशांना टेकून बसला होता, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं खोड छातीवर. तिनं पायाशी बोचकं ठेवलं, पट्टीला हात लावायला गेली आणि लावला नाही.

"कशानं झालं?" तिनं विचारलं.

केरबानं तिच्या खांद्यावरून दाराकडं, माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग परत तिच्याकडं बघितलं.

"पाइप तापला व्हता," तो म्हणाला. "माझंच ध्यान न्हवतं."

तिनं मान हलवली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. पलंगाच्या कडेला बसली, पदर तोंडाशी नेला आणि तेव्हा कुठं रडायला लागली.